पोस्टरवर पाच नावं, पण सिनेमा कोणाचा?

प्रश्न : आम्ही पाच मित्र जत्रेतल्या नाटकांत कामं करत वाढलो. आता मराठी सिनेमा काढतोय. चौघे प्रत्येकी ६ लाख घालणार. पाचवा दिग्दर्शक; त्याचं स्वतःचं बॅनर आहे, पैसे त्याच्याच खात्यात भरायचे. कथा आमच्यातल्याच एकाची. पोस्टरवर पाचांचीही नावं 'निर्माते' म्हणून येतील. म्हणजे सिनेमा पाचांचा झाला ना?
– एक वाचक, म्हार्दोळ

उत्तर : नाही झाला. पैसे अजून भरले नसतील, तर थोडं थांबा.

बॅनर एकट्याच्या मालकीचं असेल, तर कायद्याच्या नजरेत बॅनर आणि तो माणूस एकच. सेन्सॉरचं प्रमाणपत्र त्याच्या नावावर निघेल, चॅनेल आणि ओटीटीच्या करारावर सही त्याचीच होईल. तुमचे ६ लाख कर्ज होते, भागीदारी होती की मित्राला केलेली मदत, हे नंतर तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागेल.

मी निर्मितीचे हिशेब सांभाळते. काही वर्षांपूर्वी अशाच एका सिनेमाचे मी बघत होते. नातेवाइकांनी पैसे घातले होते. नोंद एका वहीत, खाली सह्या. संकलन संपता संपता बॅनरचा मालक वारला. आपल्याकडे गोव्यात लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक, त्यामुळे निम्मा वाटा पत्नीचा. उरलेल्यासाठी वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया. तिकडे स्टुडिओचं बिल थकलेलं, म्हणून हार्ड डिस्क त्यांच्या कपाटात. मी बघायला गेले, तेव्हा डिस्कवर पांढरी चिकटपट्टी होती आणि तिच्यावर माझ्याच अक्षरात 'फायनल मिक्स'. तो सिनेमा आजपर्यंत कोणी पाहिलेला नाही. मला तो अजून आठवतो, फार चांगला झाला होता.

रिळांच्या काळात सावकार लॅबकडून पत्र घ्यायचे : आमच्या संमतीशिवाय प्रिंट बाहेर काढायची नाही. तुमचं ते पत्र म्हणजे आजचा करार. मूळ डिस्क कुठे राहणार, दुसरी प्रत कोणाकडे, हे त्यात लिहा.

माझा सल्ला, पाचांची मिळून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था काढा. साध्या भागीदारीत धंद्याचं कर्ज प्रत्येकाच्या घरादारापर्यंत येऊ शकतं. एलएलपीत साधारणपणे जबाबदारी तुम्ही घातलेल्या रकमेपुरती राहते. सिनेमाचे सगळे हक्क तिच्याच नावावर असू द्यात. दिग्दर्शकाचं बॅनर पडद्यावर झळकायला हरकत नाही, पण मालक एलएलपी. १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' उभी राहिली तीही पाच भागीदारांची. त्यातले सीताराम कुलकर्णी भांडवल आणणारे, पण नुसते सावकार नव्हेत, भागीदार.

आता कथा. लेखी करार होईपर्यंत ती लिहिणाऱ्याचीच, मित्र असला तरी. करारात हक्कांची मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आखातातल्या गोंयकारांना सिनेमा दाखवायचा विचार असेल, तर ही एक ओळ राहून गेल्याने तुम्ही अडकाल. हक्क वर्षभर वापरले नाहीत तर तेही संपतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर; आणि शूटिंग पावसाळ्यामुळे पुढे ढकललं की वर्ष केव्हा जातं कळतही नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरातला लेखकाचा रॉयल्टीचा वाटा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो वाटा आधीच हिशेबात धरा.

वाटणीचा क्रमही आत्ताच ठरवा. तिकिटाच्या पैशातून कर जातो, मग थिएटर आपला हिस्सा घेतं, मग वितरक खर्च आणि कमिशन कापतो. उरेल त्यातून आधी चौघांचे २४ लाख परत जायचे की दिग्दर्शकाचं मानधन, याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. आज रात्री पाचही जण एकत्र बसा आणि ते लिहून काढा.

आणि चौघांपैकी कोणी जमीन विकून पैसे उभे करत असेल, तर बायकोची सही लागेल. तिला सिनेमाची कथा आधी ऐकवा.