हात वाढले, वेळ तिथंच

एप्रिल लागला की बडोद्यातल्या जलतरण तलावांवर गर्दी होते आणि माझ्याकडे पत्रं वाढतात. यंदा बहुतेकांनी एकच विचारलंय: वेगात कसं पोहायचं? विश्वामित्री नदीत मगरी असल्यामुळे आपल्या शहरातली मुलं तलावातच शिकतात, आणि तलावात चार मुलं एकत्र आली की शर्यत लागतेच. त्यामुळे या वेळी फक्त वेगाचीच पत्रं घेतली आहेत.

ताई, माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. 25 मीटरच्या तलावात 50 मीटर फ्रीस्टाइल ती 34 सेकंदांत पोहते. सहा महिने झाले, त्यात तसूभर फरक नाही. मी काठावरून ओरडतो, "हात जोरात चालव!" ती चालवते, धापा टाकत येते, पण घड्याळ तेच दाखवतं. कुठं चुकतंय? सोबत व्हिडिओ पाठवला आहे. (एक वडील, कारेलीबाग)

भाऊ, व्हिडिओ पाठवलात ते फार बरं केलंत. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आणि तिचे हात मोजले. तुम्ही गप्प होतात त्या 25 मीटरच्या फेरीत 23 हात. तुम्ही ओरडलात त्या फेरीत 27. वेळ जवळजवळ सारखीच. भिंतीला पाय मारून ती साधारण पाच मीटर पुढे येते, म्हणजे हातांनी कापायचं अंतर उरतं वीस मीटर. आधी एका हाताला 87 सेंटिमीटर पुढे जात होती, ओरडल्यावर 74 वर आली. चार हात जास्त मारले आणि प्रत्येक हाताला तेरा सेंटिमीटर गमावले. ती धापा टाकते ती या गमावलेल्या सेंटिमीटरांपायी.

वेगाचा हिशेब एवढाच आहे: एका हातात किती पुढे जाता आणि मिनिटाला किती हात मारता, यांचा गुणाकार. मोठे धावपटू जशी ढांगेची लांबी आणि पावलांची गती दोन्ही राखतात, तसंच हे. एक वाढवताना दुसरं घसरलं तर हाती काही लागत नाही.

शिवाय पाणी फार कडक हिशेब ठेवतं. वेग वाढला की पाण्याचा विरोध साधारण वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद घनाच्या पटीत. तुमच्या मुलीला 34 वरून 32.4 वर यायचं असेल तर वेग वाढेल फक्त पाच टक्के, पण ताकद लागेल सोळा टक्के जास्त. चौदा वर्षांच्या मुलीने ती कुठून आणायची? म्हणून आधी विरोध कमी करायचा. हा फुकटचा वेग आहे, आणि तिच्याकडे तो भरपूर शिल्लक आहे.

आता व्हिडिओ नवव्या सेकंदाला थांबवा. उजवा हात पाण्यात गेलाय, तळवा खाली दाबतोय, कोपर तळव्याच्याही खाली उतरलंय. पाणी खाली दाबलं की छाती वर उचलली जाते, आणि छाती वर आली की कंबर आणि पाय बुडतात. मग ती पाण्यातून न जाता पाणी ढकलत चढ चढल्यासारखी जाते. हात जितका जोरात, तितकी छाती वर आणि पाय तितके खाली. तुमच्या ओरडण्याने नेमकं हेच होतंय.

तिला हे शब्दांत सांगू नका, करून दाखवा. तलावाच्या काठावर दोन्ही तळवे टेकवून, शिडी न वापरता वर यायला सांगा. अंग उचलताना कोपरं आपोआप वर जातात, बाहेर वळतात आणि हाताचा पंजा ते कोपर असा सगळा भाग दाब घेतो. फ्रीस्टाइलमध्ये हात पाण्यात गेल्यावर पहिल्या वीतभर अंतरात हेच करायचं. कोपर वर राहू द्यायचं, बोटं तलावाच्या तळाकडे वळवायची आणि पंजापासून कोपरापर्यंतची सगळी पट्टी मागे न्यायची. आम्ही याला पाणी पकडणं म्हणतो. पाणी हाताला लागलं की ते कळतं. दोरीला गाठ असावी आणि तिला धरून अंग पुढे ओढून घ्यावं, तसं वाटतं. लागलं नाही तर हात रिकामा मागे येतो.

आणखी एक पाहायला सांगा. गॉगल लावून तिने स्वतःच्या तळव्याकडे बघावं. हात पाण्यावर आपटून आत गेला तर तळव्याला बुडबुड्यांचा गुच्छ चिकटून येतो. बुडबुडे म्हणजे हवा, आणि हवेला धरून कुणी पुढे गेलंय का? बोटांची टोकं आधी, मग मनगट, मग कोपर, एकाच भोकातून गेल्यासारखा हात आत गेला की बुडबुडे मागे राहतात. लालबागच्या तलावावर सकाळी सहाच्या तुकडीला मी हेच काम द्यायचे: "आज वेळ नाही घ्यायची, बुडबुडे मोजून सांग." एका मुलीने चार दिवस "पुष्कळ" असं सांगितलं. पाचव्या दिवशी फेरी संपवून तिने पाण्यातूनच हात वर केला. "ताई, डाव्या हाताला एकही नाही!" तो आवाज मला आजही ऐकू येतो.

सरावाला मुठी वळून एक फेरी आणि मग तळवे उघडून एक फेरी, अशा सहा जोड्या द्या. मुठी असल्या की पंजा कामाला येत नाही, कोपराखालचा हातच पाणी शोधायला लागतो. तळवा उघडल्यावर पाणी केवढं मोठं लागतं ते तिचं तिला कळेल. मग हात मोजा. वेळ 34 सेकंदांचीच राहून एका फेरीत 21 हात झाले की त्या 21 हातांचाच वेग हळूहळू वाढवायचा. आणि भाऊ, तोवर काठावर नुसतं मोजत बसा. ओरडायचं नाही.

एक गोष्ट मला इथं कबूल केली पाहिजे. कितीतरी वर्षं मी मुलांना पाण्याखाली इंग्रजी एस अक्षरासारखा वळणदार हात ओढायला शिकवलं. आम्हालाही तसंच शिकवलं होतं. काउन्सिलमन या अमेरिकन प्रशिक्षकांनी पाण्याखालच्या चित्रफितींवरून तो विचार मांडला होता, ऑलिंपिक गाजवणारा मार्क स्पिट्झ त्यांच्या हाताखाली शिकला होता, मग शंका कोण घेणार? पुढे अभ्यास वाढला आणि कमी अंतराच्या शर्यतीत हात जवळजवळ सरळ मागे नेलेलाच बरा, हे स्पष्ट होत गेलं. बोटं घट्ट मिटा असंही मी सांगायचे. बोटांत जराशी फट असली तर पाणी उलट बरं लागतं. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी आपल्या मुलांना माझं जुनं शिकवू नये, ही विनंती.

पॅरिस ऑलिंपिक बघताना काही जण हात हवेतून काठीसारखा सरळ नेत होते, काहींचं कोपर वाकलेलं होतं. खरं कुठलं? (अकरावीतला मुलगा, रावपुरा)

दोन्ही. पाण्यावरचा हात ही ज्याच्या त्याच्या खांद्याची सवय. ऑस्ट्रेलियाचा मायकेल क्लिम सरळ हाताने पोहायचा आणि 2000 मध्ये सिडनीत 100 मीटरचा 48.18 सेकंदांचा जागतिक विक्रम त्याने तसाच केला. रशियाच्या अलेक्झांडर पोपोव्हचं कोपर वाकलेलं असायचं, लांब आणि शांत हात. 1992 आणि 1996 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये 50 आणि 100 मीटरची सुवर्णं त्याचीच. पाण्याखाली मात्र दोघांचंही कोपर वरच. तू टीव्हीवर पाण्याखालचा कॅमेरा लागेल तेव्हा बघ. चीनच्या पान झानलेने पॅरिसमध्ये 100 मीटर 46.40 मध्ये संपवलं, पहिले पन्नास 22.28, दुसरे 24.12. रौप्यपदकवाला एक सेकंदाहून मागे राहिला! शेवटच्या पंचवीस मीटरांत पानचे पाय बघ. थकल्यावर आधी आपले पाय मंदावतात, त्याचे मारणं सोडत नाहीत.

50 मीटर पूर्ण दम रोखून पोहता यावं म्हणून मी उडी मारण्याआधी वीस-पंचवीस मोठे श्वास घेतो. हॉस्टेलमधला मित्र म्हणतो हे धोक्याचं आहे. (विद्यार्थी, फतेहगंज)

मित्राचं ऐक. आजच ऐक.

खोल आणि भराभर श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड तेवढा घटतो. "आता श्वास घे" हा इशारा शरीराला कार्बन डायऑक्साइड वाढल्यानेच मिळतो. तो इशारा तू स्वतःच पुसून टाकतोस. मग ऑक्सिजन संपतो, गुदमरल्यासारखं वाटतही नाही आणि पाण्यातच शुद्ध जाते. आवाज नाही, हातपाय झाडणं नाही. काठावरच्याला वाटतं, पोरगा छान तरंगतोय. चांगले पोहणारेच यात जातात, कारण न पोहणारा एवढा वेळ पाण्याखाली राहतच नाही. दोन-तीन साधे श्वास घे आणि सूर मार. दम रोखण्याचा सराव एकट्याने कधीही करायचा नाही.

जगातले अव्वल पोहणारे 50 मीटर एकही श्वास न घेता संपवतात हे खरं, पण त्यांची शर्यत एकवीस-बावीस सेकंदांत संपते. तुला तीस लागतात. दोन श्वास घे, नीट घे. डोकं उचलू नकोस, नुसतं वळव. गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे.

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, उंची पाच फूट पाच इंच. या वयात वेग वाढेल का, की उंच माणसांचाच हा खेळ? (दांडिया बाजार)

उंचीचा फायदा असतो, नाही कसं म्हणू? पण तुम्हाला ऑलिंपिकला जायचं नाही, स्वतःच्या कालच्या वेळेपेक्षा पुढे जायचंय. आणि वयाचं म्हणाल, तर अमेरिकेच्या अँथनी अर्विनने 2000 मध्ये 50 मीटरचं सुवर्ण गॅरी हॉल ज्युनियरसोबत वाटून घेतलं, आणि सोळा वर्षांनी, पस्तीस वर्षांचा असताना, रिओमध्ये 21.40 सेकंदांत पुन्हा जिंकलं.

तुम्ही लिहिलंय की रोज चाळीस फेऱ्या न थांबता मारता. प्रकृतीला उत्तम, वेगाला नाही. पूर्ण जोर लावायला स्नायूंतली जी तयार शक्ती लागते ती दहाएक सेकंदांत संपत येते आणि पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटं घेते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पंधरा मीटर जीव तोडून पोहा, मग दोन मिनिटं काठाला धरून उभे राहा. असं आठ वेळा. आजूबाजूचे म्हणतील हा नुसता उभा असतो. म्हणू द्या. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरन मॅकेव्हॉयनेही लांबच लांब फेऱ्या कमी करून कमी अंतराचा पूर्ण वेग आणि ताकदीचे व्यायाम यांवर भर दिला, आणि पॅरिसमध्ये 50 मीटरचं सुवर्ण 21.25 मध्ये मिळवलं. मात्र खांदा दुखला तर त्याच दिवशी थांबा.

माझा मुलगा जुम्मादादा व्यायाम मंदिरात मल्लखांब करतो. पोहायला उपयोग होईल का? पाय खूप मारतो पण किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरला की जागचा हलत नाही. (एक आई, शियाबाग)

मल्लखांबाचा उपयोग फार. पोट आणि पाठ एकसंध राहते, आणि वेगात पोहताना अंग मधेच वाकू न देणं हे मोठं काम आहे. अडचण घोट्यात आहे. त्याला जमिनीवर पाय लांब करून बसवा आणि पाऊल पुढे ताणायला सांगा. बोटं जमिनीकडे झुकत नसतील तर पाण्यात पाऊल वल्ह्यासारखं न राहता ब्रेकसारखं आडवं येतं. रोज वज्रासनात दोन मिनिटं, हळूहळू. गुडघा सायकलसारखा वाकवू नये, लाथ मांडीतून निघावी आणि लहान असावी.

शर्यतीत मी शेवटच्या क्षणी हरते. तीनदा असंच झालं. सूर चांगला लागावा म्हणून घराजवळच्या उथळ तलावात सराव करू का? (बारावीतली मुलगी, मांजलपूर)

उथळ पाण्यात सूर मारायचा नाही, बाळा. माझ्या डाव्या भुवईवर तीन टाक्यांची खूण आहे. मी तेरा वर्षांची होते, तलावाच्या कमी खोलीच्या टोकाकडून सूर मारला आणि कपाळ तळाला लागलं. मान वाचली हे नशीब. खोल पाणी आणि शेजारी प्रशिक्षक, हे दोन्ही असेल तरच.

तुझं हरणं सुरुवातीत नाहीच. तू लिहितेस की भिंत जवळ आली की डोकं वर करून बघतेस. तिथंच जातं. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला, कांस्यपदकापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाने दूर. एक बोटभर अंतरही नसतं ते. म्हणून शेवटच्या पाच मीटरांत श्वास नाही, डोकं वर नाही. भिंत कुठं आहे ते तळाच्या काळ्या पट्टीवरून कळतं. पट्टी टी अक्षरासारखी आडवी होते तिथून भिंतीला तुझे किती हात लागतात ते सरावात मोजून ठेव. दोन असतील तर दोनच, तिसरा अर्धा हात नको, आणि तरंगत जाणंही नको. शेवटचा हात खांद्यातून ताण, एका कुशीवर वळ, बोटांची टोकं पाण्याखालीच भिंतीला लागू देत. रोज सरावाच्या अखेरीला दहा वेळा फक्त एवढंच कर, आणि मोजलेला आकडा मला कळव.