जामीन मंजूर होऊनही गरीब माणूस तुरुंगात का राहतो?

न्यायालयांचे निकाल आणि राज्यांचे कायदे यांचा गरिबांच्या आयुष्यावर प्रत्यक्षात काही परिणाम होतो का, असे आपण विचारले आहे. परिणाम निश्चित होतो. मात्र निकाल गरिबाच्या बाजूने लागला तरी त्याचा लाभ त्याला मिळेलच असे नाही. जामिनाच्या बाबतीत हे सर्वांत स्पष्टपणे दिसते, म्हणून मी मुख्यतः त्याविषयीच लिहितो.

१९७८ साली मध्य प्रदेशातील एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर आले. त्याला जामीन याच न्यायालयाने आधी मंजूर केला होता. परंतु जामिनाची रक्कम ठरवताना खालच्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहण्यास तयार असूनही, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे एवढ्याच कारणावरून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या गवंड्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच दिलेल्या लेखी हमीवर, सोडण्याचा आदेश दिला. पुढच्याच वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी, म्हणजे खटला संपण्याआधीच तुरुंगात असलेले लोक, समोर आले, ज्यांच्यापैकी काहींनी त्यांच्या गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेहूनही अधिक काळ खटल्याविना काढला होता. जलद सुनावणी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या) मूलभूत हक्काचा भाग आहे, हे त्या निकालांनी प्रस्थापित केले.

असे असूनही २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी होते. त्यांतील प्रत्येक जण केवळ गरिबीमुळे आत होता असे नाही, परंतु गरिबाची अडचण नेमकी कोठे होते हे सांगता येते. जामिनाच्या आदेशात ‘सक्षम जामीनदार’ असे दोन शब्द असतात. ते पूर्ण करायचे तर कोणाचा तरी सातबारा, घरपट्टीची पावती किंवा तहसील कार्यालयातून मिळणारा ऐपतीचा दाखला लागतो, आणि तो माणूस रोजंदारी बुडवून न्यायालयात हजर राहावा लागतो. ऊसतोडीला किंवा बांधकामावर परजिल्ह्यातून आलेल्या मजुराला असा माणूस मिळणार कोठून? माझ्या मते कायद्यातील अन्यायाइतकेच हे कागदही गरिबाला आत ठेवतात, आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच ठिकाणी हात घातला. जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या (गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सचिवांना कळवावे, आणि महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे निर्देश दिले गेले. त्याच वर्षी केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात जामिनासाठी कच्च्या कैद्याला तेव्हा ४०,००० रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद होती. परंतु तुरुंग हा राज्यसूचीतील, म्हणजे घटनेने राज्यांकडे सोपवलेला, विषय असल्याने हे सर्व राज्याच्या यंत्रणेच्या हातूनच व्हावे लागते. अधीक्षकांनी न सुटलेल्या कैद्यांची माहिती कळवलीच नाही, तर निर्देश कैद्यापर्यंत पोहोचत नाहीत.

राज्याचा कायदा उलट दिशेनेही काम करतो. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याखाली भीक मागणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते; गाणे म्हणून किंवा कसरती करून पैसे मागणेही त्यात भीक ठरते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्याच्या अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, पण तेवढ्याने महाराष्ट्रातील कायदा रद्द झाला नाही. एकाच कायद्याखाली दोन शहरांतील सारख्याच निराधार माणसांची स्थिती अशी वेगळी होते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या ओळखीत कोणी जामीन मंजूर होऊनही अडकले असेल, तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या दूरध्वनी क्रमांकावर किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे संपर्क साधावा. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्या वकिलाला जामीनदाराची अट बदलून जातमुचलक्यावर सुटका मागणारा अर्ज देण्यास सांगावे, आणि आदेशाची तारीख सोबत ठेवावी, कारण सात दिवस आणि एक महिना या मुदती तिच्यावरूनच मोजल्या जातात.