निधी मागायचा, पण कुणाकडे आणि कसा? संस्थांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

आम्ही कळव्यात चाळीतल्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. ट्रस्टची नोंदणी गेल्या वर्षी झाली. एखाद्या कंपनीच्या फाउंडेशनकडे अर्ज करू का?

सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी कायद्यानुसार सामाजिक कामावर खर्च करायच्या पैशासाठी अजून थांबावं लागेल. कंपनीशी किंवा सरकारशी संबंध नसलेल्या संस्थेकडे तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, शिवाय आयकर खात्याकडची 12ए आणि 80जी, आणि सीएसआरचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-1 ही नोंदणी. स्वतःच्या ठेवींच्या उत्पन्नावर चालणाऱ्या धर्मादाय ट्रस्टना ही सीएसआरची अट लागू नाही, त्यांचे नियम त्यांनी ठरवलेले असतात. आधी ते वाचा. तोवर हजेरीवही आणि हिशेब चोख ठेवा, दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्या. पुढे हेच कागद मागितले जातात.

ऐरोलीत आमची संस्था नऊ वर्षांपासून आहे. एकच प्रस्ताव अनेक फाउंडेशनना पाठवला, कुणाचंच उत्तर नाही. प्रत सोबत पाठवतो आहे.

प्रत वाचली. पहिल्याच पानावर शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आणि महिला सक्षमीकरण! वाचणाऱ्याला कळणार कसं, की तुम्ही नेमकं काय करता? तुमचं खरं काम सातव्या पानावर सापडलं: दिघ्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांना शिवणकाम शिकवून ऑर्डरी मिळवून देणं. तिथूनच सुरुवात करा. किती जणी आल्या, किती टिकल्या, महिन्याला हातात किती पडतात, हे लिहा. टिकल्या नाहीत त्यांचाही आकडा द्या. जाणकार माणूस तो शोधतोच. आणि मुलांच्या आरोग्यासाठीच पैसे देणाऱ्या फाउंडेशनकडे शिलाई मशीन मागू नका.

दुसरी अडचण कागदांची. शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तुमच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुने विश्वस्त आणि बँकेत सह्या नव्यांच्या. विश्वस्त बदलल्यापासून 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची माहिती देणारा अर्ज, धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. तुमचा दिसत नाही. उशीर झालाच आहे, वकिलाकडून विलंब माफीच्या अर्जासह दाखल करा. एवढ्यासाठी चांगलं काम बाजूला पडतं.

शिक्षिकेच्या पगाराला सीएसआरमधून पैसे मिळत नाहीत म्हणे. पाच टक्क्यांची मर्यादा आहे ना?

ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. वर्गात शिकवणाऱ्या बाईंचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च. अंदाजपत्रकात महिन्यांसकट स्पष्ट दाखवा, 'इतर खर्च' या ओळीत लपवू नका. एखादी कंपनी आपल्या धोरणाने पगार नाकारू शकते, ते वेगळं.

एक गृहस्थ दहा टक्के घेऊन ग्रँट मिळवून देतो म्हणतात.

नको. प्रस्ताव लिहून देण्याची ठरावीक फी वेगळी आणि मिळालेल्या निधीतला वाटा वेगळा. तो वाटा तुम्ही हिशेबात दाखवणार कुठे?