सत्यांचं ‘अधिष्ठान’ की सत्यांचा ‘आश्रय’?

प्रश्न असा आला आहे: ‘“दोन अधिक तीन पाच” यांसारखी सदासर्वकाळ खरी असणारी विधानं ईश्वरावर टिकून आहेत, या मताविषयी मी लेख लिहीत आहे. ईश्वर या सत्यांचं कारण आहे, आधार आहे, अधिष्ठान आहे, आश्रय आहे, यांपैकी काय लिहावं? की चारही शब्द चालतील?’

चारही चालणार नाहीत. यातला जो शब्द निवडाल, त्याच्याबरोबर ईश्वराचं एक विशिष्ट रूपही लेखात येतं. त्यामुळे आधी मत ठरवा आणि मग शब्द घ्या.

‘कारण’पासून सुरुवात करू. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. ‘पूल पडला, कारण खांब खचला’ आणि ‘चौदा ही सम संख्या आहे, कारण तिला दोनाने निःशेष भाग जातो’ ही वाक्यं वरवर सारखी दिसतात. पण पहिल्यात आधी एक घडलं आणि त्यातून दुसरं घडलं. दुसऱ्यात काहीच घडलेलं नाही. ‘भाग जातो म्हणून चौदा सम आहे’ हे कानाला बरोबर लागतं, तर ‘भाग गेल्यामुळे चौदा सम झाली’ हे लगेच खटकतं. ‘आहे’ आणि ‘झाली’ यांतला हा फरक नीट ऐकावा, कारण तुमचा सगळा विषय त्यातच आहे. ‘ईश्वर सत्यांचं कारण आहे’ असं लिहिलंत, की वाचक ‘कारण’ हे नाम ‘घडवणारा’ या अर्थाने घेतो आणि वाक्याचा अर्थ होतो: ईश्वरामुळे दोन अधिक तीन पाच झाले.

असं खरोखर मानणारा तत्त्वज्ञ होऊन गेला आहे. 1630 साली आपला मित्र मेर्सेन याला लिहिलेल्या पत्रांत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने म्हटलं, की राजा आपल्या राज्यात कायदे घालून देतो तशी ईश्वराने गणितातली सत्यं घालून दिली आहेत. त्याच्या मताबद्दल लिहायचं असेल तर ‘कारण’ किंवा थेट ‘कर्ता’ लिहा, शब्द चपखल बसेल. त्यातून येणारा ईश्वर संकल्पाने सर्वस्वी मोकळा आहे, पाचाच्या जागी दुसरं काही ठरवणंही त्याला शक्य होतं.

जर्मन तत्त्वज्ञ लाइब्निझला हे मुळीच पटलं नाही. 1714 च्या ‘मोनॅडॉलॉजी’ या ग्रंथात तो देकार्तचं नाव घेऊन सांगतो, की नित्य सत्यं ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून नाहीत, ती त्याच्या बुद्धीत असतात. त्याची त्याआधीची, 1686 मधली हरकत मला जास्त मोलाची वाटते. चांगलं काय हेही निव्वळ इच्छेनेच ठरत असेल, तर ईश्वराने याच्या अगदी उलट केलं असतं तरी त्याची तेवढीच स्तुती करावी लागली असती. मग त्या स्तुतीला अर्थ काय? भक्ताने ही हरकत मनावर घ्यावी अशीच आहे. ईश्वर न्यायी आहे असं म्हणताना आपल्याला काहीतरी खरोखर सांगायचं असतं, ‘त्याला हवं ते तो करतो’ एवढंच सांगायचं नसतं.

लाइब्निझच्या मताला ‘आश्रय’ हा शब्द शोभतो. न्यायपरंपरेत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या न्यायदर्शनात, गुण द्रव्याच्या आश्रयाने राहतो, ज्ञान आत्म्याच्या आश्रयाने. आश्रय देणाऱ्याने ती गोष्ट निर्माण केलेली असलीच पाहिजे असं नाही. ईश्वराचं नित्य ज्ञान जसं ईश्वरात आहे आणि त्याने ते एखाद्या दिवशी बनवलेलं नाही, तशीच ही सत्यं. तो ती बदलू शकत नाही, पण म्हणून बाहेरचं कोणी त्याला अडवतं असंही नाही. ‘आधार’ही चूक नाही, मात्र तो इतका सैल आहे की मत धूसरच राहतं.

खरी अडचण आहे ती ‘अधिष्ठान’ची. आज आपण तो ‘पाया’ याच अर्थाने वापरतो: वैचारिक अधिष्ठान, मूल्याधिष्ठित शिक्षण. पण शब्दाची घडण वेगळी आहे. ‘अधि’ म्हणजे वर, ‘स्था’ म्हणजे राहणं. पाणिनीचं ‘अधिशीङ्स्थासां कर्म’ हे सूत्र (1.4.46) ‘अधि’ लागलेल्या ‘स्था’सारख्या धातूंचा आधार, म्हणजे क्रिया जिथे घडते ती जागा, वाक्यात कर्म होतो असं सांगतं, आणि त्याचं नेहमीचं उदाहरण आहे ‘अधितिष्ठति वैकुण्ठं हरिः’. इथे हरी बसणारा आहे, बसण्याची जागा वैकुंठ आहे. म्हणजे मुळात ईश्वर अधिष्ठाता ठरतो, अधिष्ठान नव्हे. (वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुखाला आपण अधिष्ठाता म्हणतो ते याच अर्थाने.)

आता दासबोधातली सर्वांच्या तोंडी असलेली ओवी पाहा: ‘परंतु तेथें भगवंताचें । अधिष्ठान पाहिजे’. हे ‘भगवंताचें’ कसं लावायचं? भगवंत हाच पाया असा, की भगवंताची बैठक तिथे हवी असा? मला दुसरा अर्थ जवळचा वाटतो. ‘तेथें’ हे पद जागा दाखवतं: चळवळ ही जागा, आणि तिथे भगवंत अधिष्ठित हवा. आजचा वाचक मात्र बहुधा पहिलाच अर्थ घेतो, आणि त्यानेही ओवी उभी राहते.

वेदान्तात याच शब्दाला तिसरा अर्थ आला. दोरीवर साप भासतो तेव्हा दोरी हे अधिष्ठान आणि साप अध्यस्त, म्हणजे तिच्यावर चुकीने लादलेला. दोरी कळली की साप उरत नाही. म्हणून वेदान्त शिकलेल्या वाचकापुढे ‘ईश्वर हे गणिती सत्यांचं अधिष्ठान’ असं लिहिलंत, तर ती सत्यं ब्रह्मज्ञान होईपर्यंतचीच, असं तो वाचेल. तुम्हाला अद्वैताचीच बाजू मांडायची असेल तर याहून नेमका शब्द नाही. लाइब्निझची मांडायची असेल तर मात्र हा शब्द टाळा, कारण त्याच्या मते ही सत्यं कशानेही बाधित होत नाहीत.

तुमच्या लेखात न्यायपरंपरेचं मत राहून जाऊ नये. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त सामान्याची व्याख्या आहे ‘नित्यमेकमनेकानुगतं सामान्यम्’, म्हणजे जे नित्य आहे, एक आहे आणि अनेकांत असतं ते सामान्य. धूमत्व (धूरपण), वह्नित्व (अग्नीपण) ही सामान्यं नित्य आहेत, आणि ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे न चुकणारा संबंध, त्यांच्या बळावर सर्व धुरांना लागू पडते. नैयायिक ईश्वर मानतात, पण जगाचं निमित्तकारण म्हणून, कुंभार घटाचं असतो तसा. परमाणू त्याने केलेले नाहीत, सामान्यंही नाहीत. तिथे सत्यांच्या संदर्भात ईश्वराला कर्ता म्हणता येत नाही, आश्रय म्हणता येत नाही आणि अधिष्ठानही म्हणता येत नाही. ‘ईश्वर ही सत्यं जाणतो’ एवढंच लिहावं लागेल.