बीट कोणाची, गाणे कोणाचे?

प्रश्न : मी तीन वर्षांपासून रॅप लिहितो. दिवसा नोकरी करतो आणि रात्री घरीच रेकॉर्डिंग करतो. इंटरनेटवरून परवाना घेतलेल्या बीट्सवर (रॅपमागे वाजणाऱ्या संगीतावर) पाच आणि एका मित्राने केलेल्या बीट्सवर चार, अशी नऊ गाणी तयार आहेत. एका कंपनीने अ‍ॅडव्हान्स देऊ केला आहे. मात्र या गाण्यांचे सर्व हक्क कायमचे त्यांच्याकडे राहतील, अशी अट आहे. कंपनीशिवाय स्वतंत्रपणे कारकीर्द उभी करता येईल का? त्यासाठी नोकरी सोडावी का?
ता. क. : कंपनीला आठ दिवसांत उत्तर द्यायचे आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘सर्व हक्क कायमचे’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. नोकरी इतक्यात सोडू नका, कारण तिच्यामुळेच तुम्हाला या कराराचा विचार घाई न करता करता येतो. स्वतंत्र कारकीर्द निश्चित उभी राहू शकते. पण त्याआधी या नऊ गाण्यांत नेमके काय तुमचे आहे, हे कागदावर उतरवावे लागेल.

ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. एक म्हणजे रचना, अर्थात शब्द आणि संगीत. दुसरी म्हणजे त्या रचनेचे ध्वनिमुद्रण, ज्याला या व्यवसायात सगळे ‘मास्टर’ म्हणतात. रॅपमध्ये शब्द तुमचे असले तरी संगीत बहुधा बीट करणाऱ्याचे असते, आणि म्हणून तो तुमचा सहरचनाकार ठरतो. शब्दांना निम्मा आणि बीटला निम्मा वाटा, अशी वाटणी या क्षेत्रात बरीच रूढ आहे, परंतु ती लिहून ठेवली नसेल तर तिला आधार राहत नाही. या आठवड्यात मित्रासोबत बसा आणि चारही गाण्यांसाठी प्रत्येकी एक कागद करा : गाण्याचे नाव, दोघांची नावे, रचनेतील टक्के, मास्टरमधील टक्के, तारीख आणि सह्या. वाटायला अजून काही आलेले नाही, तोवरच हे बोलणे सोपे असते. त्याच बैठकीत बीटमधील प्रत्येक आवाज कुठून आला, हेही त्याला विचारा. एखाद्या जुन्या गाण्याचा तुकडा, म्हणजे सॅम्पल, वापरला असेल, तर रचनेच्या आणि ध्वनिमुद्रणाच्या अशा दोन्ही मालकांची परवानगी लागू शकते. १९९१ मध्ये अमेरिकेतील न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरच्या गाण्यातील विनापरवानगी सॅम्पलविरुद्ध निकाल दिला आणि तेव्हापासून या बाबतीतली ढिलाई महागात पडू लागली.

उरलेल्या पाच गाण्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कमी पैशांत मिळणारा बीटचा परवाना सहसा अनन्य नसतो, म्हणजे तीच बीट आणखी कितीही जणांना दिली जाते, आणि किती वेळा गाणे ऐकले जावे किंवा किती वर्षे वापरावे याची मर्यादाही त्यात असू शकते. तुमचे पाचही परवाने काढून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ते अनन्य नसतील, तर त्या गाण्यांचे ‘सर्व हक्क’ तुम्ही कोणालाच देऊ शकत नाही, कारण ते तुमच्याकडे मुळात नाहीत. अशा करारांत बहुधा ‘हे सारे माझ्या मालकीचे आहे’ अशी हमी कलाकाराकडून घेतलेली असते. पुढे कोणी दावा केला तर त्याचा भार तुमच्यावर येईल. याच कारणाने अशी गाणी व्हिडिओ मंचांवरील आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत नोंदवू नका, नाहीतर तीच बीट वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या होतकरू मुलाच्या गाण्यावर तुमच्या नावाने दावा जाईल.

आता अ‍ॅडव्हान्स. ही रक्कम बक्षीस नसते, ती तुमच्याच वाट्यातून वळती केली जाते. समजा, अ‍ॅडव्हान्स १०० आहे आणि तुमचा वाटा २० टक्के आहे, तर कंपनीकडे ५०० जमा होईपर्यंत तुमच्या हाती आणखी काहीही पडणार नाही. आणि व्हिडिओचा किंवा जाहिरातीचा खर्चही तुमच्या खात्यावर टाकला असेल, तर तो दिवस आणखी दूर जाईल. मास्टर स्वतःकडे ठेवून केवळ वितरणासाठी, म्हणजे गाणी श्रोत्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी, कंपनीशी करार करण्याची वाट मास्टर पी या अमेरिकन रॅपरने नव्वदच्या दशकात यशस्वी करून दाखवली. निप्सी हसल या दुसऱ्या अमेरिकन रॅपरने २०१३ मध्ये आपल्या मिक्सटेपच्या, म्हणजे गाण्यांच्या संग्रहाच्या, १,००० प्रती प्रत्येकी १०० डॉलरला विकल्या, आणि तीच गाणी इंटरनेटवर फुकट उपलब्ध होती. मला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण त्या हजार जणांनी गाण्यांसोबत त्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठीही पैसे मोजले होते.

स्वतः गाणी प्रकाशित करताना नऊही एकदम सोडू नका. एका गाण्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी दुसरे, अशा बेताने चला आणि मित्रासोबतच्या चार गाण्यांपासून सुरुवात करा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएसआरसी, जपून ठेवा; वितरक, म्हणजे गाणी ऐकण्याच्या अ‍ॅप्सवर ती पोहोचवणारी सेवा, बदलल्यास तोच क्रमांक पुन्हा वापरायचा असतो. वितरक मास्टरचे पैसे आणून देतो, रचनेच्या सार्वजनिक वादनाची रॉयल्टी मात्र सहसा लेखक-संगीतकारांच्या हक्कसंस्थेमार्फतच मिळते, तेव्हा तिथेही नोंदणी करा. मागील १२ महिन्यांत १,००० वेळाही न ऐकलेल्या गाण्याला स्पॉटिफाय २०२४ पासून मास्टरची रॉयल्टी देत नाही. विकत घेतलेले श्रोते हा त्यावरचा उपाय नव्हे. लबाडी आढळली तर गाणेच काढून टाकले जाऊ शकते.

सुरुवातीचा पैसा आणि खरे श्रोते बहुतेकांना कार्यक्रमांतून मिळतात, म्हणून प्रत्येक गाण्याची तुमच्या आवाजाविना बीट आणि सुटे ट्रॅक (प्रत्येक आवाजाचे वेगळे ध्वनिमुद्रण) आजच स्वतःकडे घ्या. माझ्या पहिल्या सहा गाण्यांच्या अशा फायली एकाच हार्ड डिस्कवर होत्या आणि ती बंद पडली. त्यानंतरच्या कार्यक्रमात मला माझ्याच मुद्रित आवाजावर रॅप करावा लागला. पुढच्या रांगेतला एक मुलगा काही वेळ माझ्या ओठांकडे पाहत राहिला आणि मग पाठ फिरवून निघून गेला. ती पाठ मी विसरलेलो नाही. सराव उभ्याने, चालत आणि पूर्ण आवाजात करा, म्हणजे कोणत्या ओळीत श्वास संपतो ते कळेल. तिथे एक शब्द गाळा. माईकची जाळी मुठीत धरू नका, कारण तसे केल्याने शब्द दबतात आणि स्पीकरमधून शिट्टी वाजू लागते.

कंपनीला आठ दिवसांच्या आत नम्रपणे लिहा की फक्त चार गाण्यांसाठी, ठरावीक वर्षांच्या परवान्याचा किंवा निव्वळ वितरणाचा प्रस्ताव असल्यास आपण त्यावर विचार करू, आणि मुदतीनंतर हक्क आपल्याकडे परत येतील असे कलम हवे. तसा मसुदा आलाच, तर सहीपूर्वी तो संगीतातील करार पाहणाऱ्या वकिलाला दाखवा आणि मित्रालाही वाचायला द्या, कारण त्यातली निम्मी मेहनत त्याची आहे.