फौजेतून सुटून आल्यावर बाहेर पगार कमी मिळतो का?

तुमचा भाऊ 15 वर्षं फौजेत काढून पुढच्या वर्षी सोलापूरला परत येतोय, आणि गावात राहिलेल्या मित्रांएवढं तो कमावेल का, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीला बहुतेक नाही.

मी ईएमईमध्ये, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, वाहन मेकॅनिक होतो, 17 वर्षांनी हवालदार म्हणून सुटलो. चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात मुलाखतीला गेलो तर साहेब म्हणाले, "बाहेरचा अनुभव काहीच नाही." लडाखच्या थंडीत ट्रकची इंजिनं उतरवली-चढवली, ते कुठेच धरलं नाही. वर म्हणाले, "तुम्हाला पेन्शन आहेच की," आणि 11 हजार सांगितले. हे वाक्य भावाला आधीच सांगून ठेवा. पेन्शन त्याने केलेल्या नोकरीची आहे, नव्या कामाच्या दामातून ती वजा करू देऊ नका.

2021 चे नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट यांनी व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत चिठ्ठ्या काढून झालेल्या भरतीचा अभ्यास केला. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गोऱ्या माजी सैनिकांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 15 टक्के कमी होती. बाहेरच्या कामाची वर्षं बुडाली, हे त्यांनी दिलेलं कारण. तो आकडा आपल्याला लावू नका, तिथली भरती सक्तीची होती. कारण मात्र मला तंतोतंत पटतं.

माझं गाडं सुटलं ते कागदामुळे. फौजेतले बरेच ट्रेड, म्हणजे मेकॅनिकसारखी शिकलेली कामं, नागरी ट्रेडशी समकक्ष धरले जातात. तो समकक्षतेचा कागद आणि डिस्चार्ज बुक घेऊन दुसरीकडे गेलो, मेंटेनन्सला लागलो आणि तिसऱ्या वर्षी पगार त्या 11 हजारांच्या दुपटीवर गेला. माझा इन्फंट्रीतला मित्र माझ्याहून हुशार, पण हातात ट्रेड नाही. आल्या आल्या सिक्युरिटी गार्ड झाला, आजही तिथेच आहे. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण सुटण्याआधी डीजीआरचा (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं सरकारी खातं) पुनर्वसन कोर्स करता येतो, 24 आठवड्यांपर्यंतचेही असतात, आणि त्याने तो घरी लवकर यायच्या ओढीने सोडला.

म्हणून भावाला आजच फोन करा. कोर्ससाठी युनिटमध्ये अर्ज द्यायला सांगा, आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवायला सांगा. ट्रेड नसेल तर बँकेच्या क्लार्कची तयारी करू दे. सरकारी बँकांत त्या जागांवर माजी सैनिकांना 14.5 टक्के आरक्षण आहे, आणि 15 वर्षं पूर्ण झालेल्या दहावी पास सैनिकाकडे फौजेचं स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन असेल, तर तिथे पदवी नसली तरी चालते.