घाटात पहिल्यांदा सायकल घालणाऱ्यांसाठी

भावा, नवीन सायकल घेतलीस, छान, पण पहिल्याच रविवारी साताऱ्यातनं थेट कासला निघू नकोस. आधी महिनाभर सपाटीवर पाय बसू दे, मग नुसता यवतेश्वरचा घाट चढ नि परत ये, तेवढं आरामात जमलं की मग पुढं कासपर्यंत जायचं, साताऱ्यापासून साधारण २५ किमी होतं. सगळे चुकतात ते सुरुवातीला, पाय ताजे असतात म्हणून पहिल्या वळणापर्यंत जोर लावतात आणि अर्ध्यात दम संपतो. चढाला बोलता येईल इतकाच वेग ठेव, गियर हलका, पायडल मिनिटाला ७०-८० फिरले पाहिजेत, जड गियर रेटत बसलास तर गुडघे जातात, माझा डावा गुडघा तसाच दोन महिने धरला होता. मागं ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकाच्या गियरच्या दातेरी चकत्यांचा संच, दात सगळ्यात मोठ्या चकतीचे मोजायचे) टाकून घे, चढाला हलकी पडते, त्यात कमीपणा काही नाही.

खायचं भूक लागायच्या आधी. केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी खिशात असू दे, दर अर्ध्या तासाला थोडं थोडं.

आणि उतार! मला काळजी त्याचीच वाटते. ब्रेक वळणाच्या आधी मार, वळणात नको, दोन्ही ब्रेक वापर, सतत दाबून धरू नकोस, रिम तापते. पावसाळ्यात शेवाळ नि धुकं असतं, मागचा लाल लाईट चालूच ठेव. रेसचं नाव वाई-पाचगणीचा पसरणीचा घाट दोनतीनदा न थांबता चढल्यावरच काढ. पहिल्या चढाला सोबत हवी असेल तर सांग, मी येतो.